थोरल्या मोहाखालची खूण

१

रातवा या पाखराची दोन अंडी नाहीशी झाली, आणि ती नेमकी रुखमाबाईच्या मोहाच्या झाडाखालून नाहीशी झाली. दुसऱ्या कोणाच्या झाडाखालून गेली असती तर तिनं हातातला चहा खाली ठेवला नसता. पण मोहटोला गावात तिच्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, वाळली काडीसुद्धा विचारल्याशिवाय कोणी उचलत नसे, आणि ही गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला आपणहून सांगत असे. आता सांगायची पंचाईत झाली.

रविवारी सकाळी आठला भंडाऱ्याच्या पक्षीमंडळाचे अकरा जण तिच्या अंगणात परतले ते मयतीवरून आल्यासारखे. दरवर्षी चैत्रात हे लोक यायचे, दोन दिवस तिच्याकडं मुक्काम करायचे आणि तलावाच्या पाळीनं, शेताच्या धुऱ्यांनी पाखरं पाहत, फोटो काढत फिरायचे. "यांच्या घरी चिमण्या नाईत का?" असं रुखमाबाई म्हणायची, पण चैत्र लागला की अंगण सारवून वाटही तीच पाहायची.

"आजी, चोरी झाली," अतुल म्हणाला. हा नागपूरचा पोरगा. त्याच्या कॅमेऱ्याला दुधी भोपळा लटकल्यासारखी लेन्स होती, आणि बोलणंही तसंच लांबलचक. "काल तुमच्या त्या जागेश्वरनं रातवा दाखवला ना, त्याची अंडी गायब. पाखरूबी नाही. वरून तिथला सगळा पाला जाळून टाकला कोणीतरी. जमीन काळी ठिक्कर!"

रातवा घरटं बांधत नाही. मोहाखालच्या वाळल्या पाल्यात, उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो आणि दिवसभर त्यांवर डोळे मिटून बसतो. अंगाचा रंग असा पाल्याचा, की पायाखाली येईस्तोवर दिसत नाही. शनिवारी चार वाजता जागेश्वरनं तो या मंडळींना दाखवला होता. जागेश्वर तलावात जाळं टाकणारा. पण कोणतं पाखरू कुठं बसतं हे त्याच्याइतकं पंचक्रोशीत कोणाला ठाऊक नव्हतं. त्यानं झाडापासून पंधरा पावलांवर तीन दगड रचले, त्यांत लाल चिंधीची काडी खोचली आणि सांगितलं, "याच्या पुढं पाय नाही टाकाचा." सगळ्यांनी खुणेमागूनच फोटो काढले होते.

"आज खूण आहे, पण समोर काहीच नाही," मंडळाचे प्रमुख केशवराव म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापक, शब्द मोजून बोलणारे. "जागेश्वर कुठे आहे?"

"सहाच्या गाडीनं साकोलीला गेला," अतुल म्हणाला. "मी पाहिलं. हातात फुगलेली पिशवी होती."

२

केशवरावांच्या खिशात एक पत्र होतं. जंगलाच्या गेटवर वाटाड्यांची भरती होती आणि मंडळानं शिफारस केली तर जागेश्वरचं काम होणार होतं. सोमवारी अर्ज द्यायचा. त्यासाठीच फोटो काढायला तो साकोलीला गेला होता आणि एकच्या गाडीनं परत येणार होता. तलाव आटत चालला, मासोळी बोटाएवढी मिळत होती. त्या माणसाचं बाराही महिन्यांचं पोट त्या कागदाला टांगलेलं.

"सर, हे पत्र द्यायचं नाही," अतुल म्हणाला. "काल तोच सांगत होता, लहानपणी आम्ही रानातली अंडी खात होतो म्हणून. अशा माणसाला गेटवर बसवायचं?"

"लहानपणी तू माती खात होता असशील," रुखमाबाई म्हणाली. "म्हणून आता पोतं भरून नेतं का घरी?"

कोणीतरी हसलं. केशवराव हसले नाहीत. त्यांनी पत्र काढलं, उलगडलं, पुन्हा घडी घातली. "आजी, माझं मन मानत नाही. पण मंडळाचं नाव आहे या कागदावर. शंका असताना मी सही कशी करू?"

हे ऐकून रुखमाबाई ओसरीच्या खांबाला धरून उठली. गुडघ्यानं दगा दिल्यापासून दोन वर्षं ती धुऱ्यावर गेली नव्हती, पण आवाजाला काही झालं नव्हतं.

"आयका गुरुजी. जागेश्वरच्या जाळ्यात दुसऱ्याच्या हिश्श्याची मासोळी आली तं तो वापस पाण्यात सोडते. त्यानं हे केलं नाई. ज्यानं केलं, त्यानं भरल्या अंगणात त्याच्यापुढं हात जोडावं. माह्या घरचा असला तरी! अन् एकची गाडी येईस्तोवर त्या कागदाले हात लावू नोका."

अंगणाच्या कोपऱ्यात तिची सून रुपा मोहाची फुलं वाळत घालत होती. तिच्या हातातली मूठभर फुलं खाली सांडली. रुखमाबाईचं तिकडं लक्ष गेलं.

"सांडव अजून! आधीच टोपली उणी आणतं. आठ दिवस झाले, थोरल्या मोहाखालून पाऊण टोपलीच घरी येऊन राहिली. उरलेलं कोण खाते, कोल्हे?"

रुपा सांडलेली फुलं वेचू लागली. ती तशीही कमीच बोलायची.

३

रुखमाबाई दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षरं जुळवता जुळवता तिला घाम यायचा. पण माणूस कसा वाचायचा हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. तिनं खाटेवर बसून एकेकाला बोलावलं.

पहिली तृप्ती आली. भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकणारी, चष्मेवाली, तोंडावर खरेपणा सांडलेली पोरगी.

"जळलेल्या जाग्यावर राख होती नं? हात लावून पाह्यला का?"

"हो आजी. गार होती."

"मऊ का कडक?"

तृप्ती विचारात पडली. "वरून पापडासारखी होती. बोट दाबलं तर मोडली. थांबा, मी फोटो काढलाय." तिनं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो मोठा करून दाखवला. काळ्या राखेवर बारीक बारीक खळगे पडले होते, देवीचे वण असावेत तसे. रुखमाबाईनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"पोरी, बुधवारी पाणी आलतं. तुमच्याकडं भंडाऱ्याले आलं का?"

"आलं ना, गाराही पडल्या."

"हं. अन् तिथं आजूबाजूले कोणी होतं?"

"कोणी नाही. पलीकडच्या झाडाखाली रुपावहिनी फुलं वेचत होत्या. आम्ही इतके ओरडलो, पण त्यांनी मान वर नाही केली." मग तृप्तीनं दाराकडं पाहून आवाज खाली आणला. "आजी, चहाडी करते असं नका समजू. काल संध्याकाळी अतुल एकटाच परत गेला होता तिकडे."

अतुलला बोलावलं तेव्हा तो आधी हसण्यावारी नेऊ लागला.

"बस बापू. काल सांजेले एकटा काहून गेलता तिकडं?"

"प्रकाश चांगला होता आजी."

"प्रकाशासाठी खुणेच्या पुढं गेला?"

ती खडा मारून पाहत होती, आणि खडा लागला. अतुलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बसलेल्या रातव्याचा फोटो तर सगळ्यांकडे आहे. मला उडतानाचा पाहिजे होता. एक ढेकूळ फेकलं फक्त. त्याला नाही मारलं, बाजूला मारलं! उडाला, दहा मिनिटांत परत येऊन बसला. मग मी निघालो. सूर्य बुडाला होता. तेव्हा अंडी होती, हे बघा."

फोटोत रातवा पंख पसरून उडाला होता आणि खाली पाल्यात दोन अंडी उघडी पडली होती, गुलाबी-भुऱ्या ठिपक्यांची.

"हे गुरुजीले काहून नाही सांगितलं?"

"मंडळातून काढतील ना मला."

"असं. तुह्यं मंडळ जाऊ नये म्हणून त्याची भाकर गेली तं चालते." रुखमाबाईनं हात पुढं केला. "हा फोटो राहू दे इथंच. अन् तृप्तीले बोलाव, तिचा आणाले सांग."

दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवून ती वाकली. एका फोटोत पाला, एकात राख. मग तिनं पाला सोडून, राख सोडून, तिसरंच काहीतरी पाहिलं. आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ती खाटेवरून कशालाही न धरता उठली.

४

"गुरुजी," ती ओसरीत येऊन म्हणाली, "अंडी गेलीच नाईत."

अकराच्या अकरा मंडळी ओसरीपाशी गोळा झाली.

"म्हणजे?" केशवराव म्हणाले.

"म्हणजे तुमी चुकीच्या झाडाखाली जाऊन रडून आले. आता आयका, मधात बोलू नोका. ह्या राखेवर पाण्याच्या थेंबांचे खळगे हायेत. पाणी आलं बुधवारी. म्हणजे हा पाला बुधवारच्या आधी जळला. अन् तुमचं पाखरू शनिवारी वाळल्या पाल्यात बसलं होतं. एकाच जाग्यावर बुधवारी राख अन् शनिवारी पाला, असं होते का?"

केशवरावांनी चष्मा काढून पुसला.

"मोह वेचाच्या आधी आमी झाडाखालचा पाला जाळतो," ती पुढं म्हणाली. "जमीन साफ झाली की फूल दिसते. पण थोरल्या झाडाखाली यंदा जाळलंच नाई. सुनेनं सांगितलं, पाला ओला हाय मामी. आता हे फूल पाहा." तिनं अतुलच्या फोटोवर बोट टेकवलं. अंड्यांच्या आजूबाजूला पडलेली फुलं सुपारीएवढी, पिवळसर होती. "हा थोरला मोह. माह्या सासऱ्याच्या आधीचा. याचं फूल पंचक्रोशीत कोणाकडं नाई. अन् हे राखेवरचं पाहा. बारीक, चण्याएवढं. हा धाकटा, पन्नास पावलं पलीकडचा. झाडं तुमाले सारखी दिसतात. आमाले तुमी सारखे दिसता."

"पण खूण तर तिथेच होती!" तृप्ती म्हणाली.

"खुणेले पाय नाईत. कोणीतरी काल सांजेनंतर थोरल्याखालून उचलली अन् धाकट्याखाली नेऊन रोवली, तशीच्या तशी. जागेश्वर संगं असता तं त्यानं दुरूनच सांगितलं असतं, हे झाड नोहे म्हणून. तो सहाच्या गाडीत बसला होता."

सगळ्या माना अतुलकडं वळल्या. काल संध्याकाळी तिकडं गेलेला तोच, हे तृप्तीच्या तोंडून एव्हाना फुटलं होतं. आज सकाळी दुसरे चुकीच्या झाडाखाली थांबले की रातवा एकट्याला मिळाला. यापेक्षा सरळ हिशेब कोणता?

"मी नाही! सर, आईशप्पथ, मी नाही," अतुल म्हणाला, आणि त्याचा लांबलचक आवाज पहिल्यांदाच आखूड झाला.

रुखमाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. हा असता तर किती बरं झालं असतं! मघापासून तिच्या जिभेवर त्याच्यासाठी चार वाक्यं तयार होती, एकापेक्षा एक तिखट. पण त्या धुऱ्याच्या ओळीत चाळीस मोह होते आणि तिचे दोनच. बाकीचे अडतीस गावातल्या दुसऱ्या घरांचे. कोणतं झाड कोणाचं, हे झाडावर लिहिलेलं नसतं. गावच्या डोक्यात असतं. पहाटे फुलं पडलेली असताना दुसऱ्याच्या मोहाखाली पाय ठेवणं म्हणजे चोरी. नागपूरच्या पोरानं खूण हलवली असती तर ती कोणत्याही झाडाखाली पडली असती. पण हलवणाऱ्यानं थोरल्याच्या जवळची दोन झाडं सोडली, ती गावातल्या परसरामची, आणि बरोबर पन्नास पावलांवर तिच्याच धाकट्याखाली रोवली. अकरा जणांचे बूट दुसऱ्याच्या फुलांवर पडू नयेत, तुडवायची तर आपलीच तुडवावी, हा विचार करणारं डोकं पाहुण्याचं नव्हतं. गावातल्या परक्याचंही नव्हतं.

ती तोंडात आलेली चारही वाक्यं गिळून बसली.

"हा नोहे," ती म्हणाली. "कोण ते मी एकच्या गाडीवर सांगतो." आणि ती आत निघून गेली. मागच्या दारानं अंगणात उतरताना तिला आपलंच वाक्य ऐकू येत होतं: माह्या घरचा असला तरी.

५

रुपा फुलं पसरत होती. सासूची सावली पडली तशी ती थांबली.

"पाला ओला होता म्हणे," रुखमाबाई म्हणाली. "चैतातला पाला. आठ दिवस वाळला नाई."

रुपा परत फुलं पसरू लागली.

"बोल. मारत नाई."

"मामी, मी जाळाले गेली तवा काडी लावणार, तं पाल्यानं डोळा उघडला," रुपा म्हणाली. "मी खूप भेली. मंग दिसलं, पाखरू हाय. हाताएवढ्यावर होती मी, तरी उठलं नाई. मले वाटलं, हे एवढं भरवशानं बसलं, याच्याखाली कसा जाळ लावू? म्हणून झाडलं हातानं. त्याच्याभवती खाटेएवढा गोल सोडला. त्यातलं फूल वेचलं नाई."

"म्हणून टोपली उणी."

"हो."

"मले काहून नाई सांगितलं?"

रुपानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. उत्तर त्या पाहण्यातच होतं. रुखमाबाईनं नजर फुलांकडं वळवली.

"काल त्या पोट्ट्यानं ढेकूळ मारलं," रुपा म्हणाली. "मी पाळीवरून पाहून राहिलती. दहा मिनटं अंडी उघडी होती. सकाळी अकरा जण येणार, अन् जागेश्वरभाऊ संगं नाई. कोण थांबवते यांना? म्हणून खूण नेली आपल्या धाकट्याखाली. वाटलं, दिसलं नाई तं हळहळतील अन् जातील. चोरी म्हणतील, जागेश्वरभाऊवर नाव जाईल, हे डोक्यातच नाई आलं. सकाळी तिथंच बोलली असती तं सगळे थोरल्याकडं धावले असते. अन् इकडं येऊन पाहतो तं तुमी..."

"मी भरल्या अंगणात बोलून बसली होती."

"मी एकच्या गाडीवर जाणारच होती मामी. जागेश्वरभाऊच्या पाया पडाले."

रुखमाबाईनं खाली सांडलेलं एक फूल उचलून पसरलेल्या फुलांत टाकलं. या पोरीला तिनं आठ दिवस कामचोर म्हटलं होतं, एकदा तर शेजारच्या कलाबाईसमोर. गुडघा आता पुन्हा दुखायला लागला होता.

"पदर नीट कर," ती म्हणाली. "चाल माह्यासंगं."

६

एकची गाडी दीडला आली. जागेश्वर उतरला तर थांब्यावर अकरा कॅमेरेवाले, रुखमाबाई आणि रुपा. त्याला वाटलं, कोणी साहेब येणार असेल. म्हणून तोही मागं वळून गाडीकडं पाहू लागला.

रुपा पुढं झाली. रुखमाबाईनं काठी आडवी धरली.

"तू मांगं राय. शब्द माहा होता."

आणि ज्या बाईनं सरपंचालाही कधी हात जोडले नव्हते, तिनं भर थांब्यावर जागेश्वरपुढं हात जोडले. "बाबू, तुह्यावर अंडी चोरल्याचं नाव आलं होतं. अंडी जाग्यावर हायेत. खूण माह्या घरानं हलवली. पाखरू वाचवाले हलवली, पण तुले खाली पाहावं लागलं. माफी कर."

"काकी, हे काय करून राहिल्या!" जागेश्वर दोन पावलं मागं सरला. "माह्यावर? अन् मी तिकडं फोटो काढून राहिलो होतो." त्यानं खिशातून चार चौकोनी फोटो काढले. "घ्या, पाहा. बरोबर चोरावाणीच आला."

हसू एकदम फुटलं, केशवरावांचंही. अतुलनं मात्र विचारलंच, "आणि पिशवीत काय होतं?"

"चिच. फोटोवाल्याच्या घरवालीनं मागितलती."

केशवरावांनी पत्र काढलं आणि गाडीच्या थांब्यावरच, तृप्तीच्या पाठीवर कागद टेकवून सही केली. मग ते अतुलकडं वळले; पण रुखमाबाई त्यांच्याआधी बोलली. "याले मी पाहतो गुरुजी. बापू, जेवण माह्याकडंच कर, पाहुणा हायेस. पण जेवल्यावर जागेश्वरच्या मांगं मांगं जाशील अन् त्या पाखराची माफी मागशील. खुणेच्या मांगून. तोंड बंद ठेवून."

मंडळ दुपारी गेलं. त्याआधी जागेश्वरनं खूण थोरल्याखाली परत रोवली, पण या वेळी पंधरा नाही, तीस पावलांवर.

सोमवारी पहाटे रुपा टोपली घेऊन निघाली तेव्हा दारात काठीचा आवाज आला. "थांब. मीबी येतो." धुऱ्यापर्यंत पोचायला त्यांना अर्धा तास लागला, वाटेत सासू चारदा बसली आणि चारही वेळा धुऱ्याला शिव्या दिल्या. थोरल्या मोहाखाली झाडलेल्या जमिनीवर रात्रीची फुलं पडली होती, आणि मधोमध पाल्याचा एक गोल तसाच होता, न झाडलेला, न वेचलेला.

"कुठं हाय?" रुखमाबाईनं विचारलं.

"तिथं, त्या वाकड्या पानाजवळ."

"मले तं नुसता पाला दिसते."

"पाहत राहा मामी."

रुखमाबाई पाहत राहिली. बऱ्याच वेळानं पाल्यातल्या एका पानानं डोळा उघडला, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटला. तिला जरा रागच आला. तिच्या झाडाखाली बसायचं, आणि तिलाच इतकं बिनधास्त पाहायचं!

रुपानं फुलं वेचून टोपली तिच्यापुढं ठेवली. काठापासून चार बोटं रिकामी. रुखमाबाईनं हात घालून फुलं वरखाली केली, आणि पाल्यातलं पाखरू उठू नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"पिल्लं उडेस्तोवर टोपली भरून आणली तं याद राख."